केसपेपरवरची कोरी ओळ

शासकीय सेवेतील माझी बहुतेक वर्षे सातारा आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांतील ग्रामीण रुग्णालयांत गेली. आठवडी बाजाराची संध्याकाळ, आषाढातली गटारी, धुळवड आणि ३१ डिसेंबर या दिवशी आमच्या परिचारिका टाके घालण्याचे सामान कोणी न सांगता आधीच काढून ठेवत असत, कारण रात्री नऊनंतर कोण येणार आणि कोणत्या अवस्थेत येणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असे. दुचाकीवरून पडलेले, दुचाकीने पाडलेले, गुत्त्यासमोरच्या भांडणात डोके फुटलेले आणि घरातल्या घरात ‘पडलेल्या’ बायका, अशी ती रांग असे. त्या रांगेत थेंबभरही न प्यालेली माणसे पुष्कळ असत, आणि मार बहुधा त्यांनाच अधिक लागलेला असे.

दारू पिऊन केलेल्या एखाद्या अपघाताची बातमी गाजली की कायदा आणखी कडक करा, अशी मागणी सुरू होते. तिच्यामागचा संताप मला समजतो. परंतु इतक्या रात्रपाळ्यांनंतर माझे मत असे बनले आहे की शिक्षेचा आकडा वाढवल्याने फारसे काही साधत नाही, कारण पिऊन गाडीची किल्ली फिरवणाऱ्याला आपण पकडले जाऊ असे मुळात वाटतच नाही, आणि तो पकडला गेला तरी त्याच्या पिण्याचा पुरावा न्यायालयापर्यंत धड पोहोचेल याची शाश्वती नसते. गळती या दोन ठिकाणी आहे. त्यांतल्या दुसऱ्या ठिकाणी माझ्यासारखा डॉक्टर हातात सुई घेऊन उभा असतो, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

कायदा मवाळ आहे असे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० मिलिग्रॅमची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दुरुस्तीपूर्वी पहिल्या वेळचा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. दंड पाच पट झाला म्हणून बाजाराच्या रात्री आमच्याकडे येणारी माणसे कमी झाली, असे मला तरी दिसले नाही.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती, याची कल्पना पिणाऱ्यांना बहुधा नसते. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. ४२.८ टक्के मद्यार्काची व्हिस्की असेल तर तिच्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने ती थोड्या वेळात संपवली तर त्याच्या रक्तातले प्रमाण ढोबळमानाने १२० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या चौपट जाते. यकृत ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरवते, त्यामुळे रात्री बाराला या पातळीला असलेला माणूस झोप काढून, तोंड धुऊन पहाटे पाच वाजता दुधाची गाडी घेऊन निघतो तेव्हाही तो कायद्याच्या दृष्टीने मद्यपी चालकच असतो, मग त्याला स्वतःला कितीही ताजेतवाने वाटत असले तरी. लिंबू चोखणे, ताक पिणे, डोक्यावर घागरभर पाणी ओतणे यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. माणूस ओला होतो आणि जागा राहतो, एवढेच. पोट रिकामे असेल आणि वजन कमी असेल तर ६० मिलिलिटरचा एक मोठा पेगसुद्धा ३० ची रेषा ओलांडायला पुरतो. ‘मी फक्त एकच घेतली’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यातला ‘एक’ कशाचा, हे विचारण्याचे मी पुढे सोडून दिले.

आता सुईकडे वळतो. पोलीस माणसाला घेऊन येतात तेव्हा घड्याळ आधीच सुरू झालेले असते, कारण कलम २०२ अन्वये अटक केल्यापासून दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावे लागते. रक्त घेण्यापूर्वी कोपराच्या खळगीतली त्वचा स्पिरिटने पुसायची नसते, कारण स्पिरिट म्हणजे मद्यार्कच, आणि बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न त्याविषयीच विचारतो. रक्त ज्या कुपीत घ्यायचे तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असावे लागते. ऑक्झलेटने रक्त गोठत नाही, आणि फ्लोराइड नसेल तर रक्तातली साखर आंबून कुपीतच मद्यार्क तयार होऊ शकतो, किंवा असलेला कमी होऊ शकतो. मग चिठ्ठीवर नाव, वेळ, ओळखीच्या दोन खुणा, अंगठा, माझी सही, त्यावर लाखेचे सील आणि सीलचा नमुना वेगळ्या कागदावर. ही कुपी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचवायची आणि तिथल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल यायची वाट पाहायची.

वाचताना हे सोपे वाटते. रात्री दीड वाजता, एका खाटेवर फुटलेल्या डोक्यातून रक्त वाहत असताना आणि दुसऱ्या खाटेवर एक बाई बाळंत होत असताना, स्पिरिटचा बोळा हातात घेण्याची सवय विसरणे हे वाटते तितके सोपे नसते. फ्लोराइडच्या कुप्या संपलेल्या असत. शीतकपाट लसींनी भरलेले असे आणि वीज गेली की तेही बंद पडे. कुपी घेऊन जाणारा शिपाई यात्रेच्या बंदोबस्तावर गेलेला असे, त्यामुळे ती चार-चार दिवस आमच्याकडेच पडून राही. एकदा चिठ्ठीवरची शाई घामेजून पसरली आणि नाव वाचता येईना, तेव्हा साक्षीसाठी उभा असताना न्यायाधीशांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही. आरोपी सुटला. तो निर्दोष होता असे त्या कक्षात बसलेल्या कोणालाही वाटत नव्हते, त्याला स्वतःलाही वाटत नसावे.

डॉक्टरने वास घेऊन, चाल पाहून ‘हा दारू प्यालेला आहे’ असे लिहून दिले तर ते पुरत नाही का, असे मला अनेक जण विचारतात. मुंबई दारूबंदी कायद्याखालील एका खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले होते की तोंडाला वास येतो, चाल अडखळती आहे, बाहुल्या विस्फारलेल्या आहेत, एवढ्यावरून माणूस मद्याच्या अमलाखाली होता हे निर्णायकपणे सिद्ध होत नाही. वैद्यकीयदृष्ट्या ते रास्तच आहे. डोक्याला मार लागलेला माणूसही अडखळतो, रक्तातली साखर घसरलेला मधुमेहीही बरळतो, आणि त्याला दारुडा समजून कोपऱ्यात झोपवून ठेवल्याने प्राण गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वर्तुळात सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून मोजमाप हवे, आणि ते वेळेत हवे.

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली मृत्यू झाला. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळल्याचा अहवाल त्या खटल्यात टिकला, आणि सदोष मनुष्यवधाबद्दलची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. तीन वर्षे पुरेशी की अपुरी, हा वाद निराळा. त्याच वांद्र्यात २००२ साली घडलेल्या आणि एका चित्रपट अभिनेत्यामुळे देशभर गाजलेल्या अपघाताच्या खटल्यात मात्र २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीची मुक्तता करताना, इतर त्रुटींबरोबरच, रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवर शंका घेतली. कायदा दोन्ही वेळी जवळजवळ तोच होता.

पुण्यातील कल्याणीनगरची घटना तर सर्वांना आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांचा, एका मुलाचा आणि एका मुलीचा, बळी घेतला. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि सगळा महाराष्ट्र त्या निबंधावर संतापला, समाजमाध्यमांवर निबंधाचे विनोद फिरले. माझे लक्ष दुसऱ्याच बातमीवर खिळले होते: त्या मुलाच्या रक्ताचा नमुना सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे जवळपास साडेआठ तासांनी घेण्यात आला. तासाला १५ मिलिग्रॅम या हिशोबाने तेवढ्या वेळात अख्ख्या क्वार्टरचा मागमूस रक्तातून पुसला जातो. त्यानंतर उघड झाले ते याहूनही वाईट होते. तो नमुना टाकून देऊन त्याजागी मुलाच्या आईचे रक्त ठेवण्यात आले, असा पोलिसांचा आरोप आहे, आणि त्या प्रकरणी शासकीय रुग्णालयातील दोन डॉक्टर आणि एका कर्मचाऱ्याला अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही म्हणून हे समजले. तो दुसरा नमुना घ्यावा असे कोणाला सुचले नसते तर एक नीटनेटका, सीलबंद, मद्यार्कविरहित अहवाल न्यायालयात सादर झाला असता.

ती बातमी वाचून माझ्या व्यवसायातले अनेक जण संतापाने बोलत होते. मी फारसे बोललो नाही, आणि त्याला कारण होते.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊस वाहतुकीचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला नादुरुस्त होऊन उभ्या असलेल्या, मागे परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर एक शेतकरी दुचाकीसह आदळला होता. वय चाळिशीच्या आत. खोलीत शिरताच वास येत होता. त्याला जिल्हा रुग्णालयात हलवण्याची तयारी चालू असताना त्याच्या मेव्हण्याने मला बाजूला घेतले आणि हात जोडून म्हटले, “डॉक्टरसाहेब, दोन पोरी आहेत. वासाचं तेवढं लिहू नका.” अपघातात शेतकरी गेला तर कुटुंबाला शासनाच्या योजनेतून विम्याचे पैसे मिळत (आता ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालते आणि रक्कम दोन लाख रुपये आहे), पण नशेत असताना झालेला अपघात त्या योजनेत बसत नाही. हे त्या मेव्हण्याला नेमके माहीत होते. केसपेपरवर ‘मद्यप्राशन’ अशी एक ओळ असते. मी ती कोरी सोडली. माणूस वाटेतच गेला.

मी पैसे घेतले नव्हते आणि कोणाचे रक्तही बदलले नव्हते, परंतु कोरी ओळ हीदेखील एक नोंद असते आणि ती खोटी होती. त्या रात्रीबद्दल मला आजही पूर्ण पश्चात्ताप होत नाही, हे लिहिताना मला संकोच वाटतो. त्या दोन मुलींनी दारू प्यायली नव्हती. नशेत मेलेल्या माणसाची भरपाई नाकारल्याने तो माणूस पुन्हा पिऊन गाडी चालवणार नाही असे काही घडत नसते. शिक्षा होते ती त्याच्या विधवेला, आणि तिला वाचवायचे म्हणून नातेवाईक, डॉक्टर, कधी पंच आणि ठाणे अंमलदारही मिळून सत्य गाळतात. खऱ्या नोंदी हव्या असतील तर निदान गरीब कुटुंबांच्या साहाय्याच्या योजनांतून तरी ही अट काढली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सत्य लिहिण्याची किंमत निरपराध माणसाला मोजावी लागणार असेल तर केसपेपरवरची ती ओळ कोरीच राहील.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ४,२०१ मृत्यू मद्य किंवा अमली पदार्थांच्या सेवनामुळे झाल्याची नोंद आहे. म्हणजे शंभरात अडीच. कोणत्याही तालुक्याच्या अपघात विभागात एक वर्ष काढलेल्या माणसाला हा आकडा दाखवा, तो हसेल. जे मोजलेच गेले नाही त्यावर धोरण आखायचे कसे? वेग हे कारण पंचनाम्यात लिहिणे सोयीचे असते, कारण त्यासाठी कोणाच्या शरीरात सुई खुपसावी लागत नाही.

पहिल्या गळतीविषयी, म्हणजे पकडले जाण्याच्या शक्यतेविषयी, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्याचा अनुभव मला फार बोलका वाटतो. तिथे १७ डिसेंबर १९८२ पासून पोलिसांनी रस्त्यात कोणालाही थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली. संशय आला म्हणून, गाडी वेडीवाकडी चालली म्हणून किंवा वास आला म्हणून नव्हे. थांबवलेल्या प्रत्येकाने यंत्रात फुंकायचे, मग तो पाद्री असो की आमदार. रस्त्यांवरील मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले आणि ती घट टिकली, कारण घरून निघतानाच प्रत्येकाला आज आपली तपासणी होऊ शकते असे वाटू लागले. शिक्षा किती, यापेक्षा तपासणी होईलच या धास्तीचा परिणाम अधिक होतो, हे तिथे लख्ख दिसले.

मुंबईत वाहतूक पोलिसांनी २००७ पासून मोहीम लावून धरली, तेव्हा मित्रमंडळींच्या बैठकीत ‘आज कोण पिणार नाही’ हे आधी ठरवण्याची किंवा टॅक्सीने जाण्याची पद्धत रुजलेली मी माझ्या मुंबईच्या नातेवाइकांत पाहिली आहे. ही थोडी गोष्ट नव्हे. तालुक्याच्या गावी मात्र नाकाबंदी असते ती ठरलेल्या रात्री आणि ठरलेल्या फाट्यावर. पहिली गाडी अडवली जाताच व्हॉट्सॲपच्या गटांवर निरोप जातो आणि बाकीचे सगळे ओढ्याकाठच्या पाणंदीने सुखरूप घरी पोहोचतात, किंवा त्या पाणंदीत पडून आमच्याकडे येतात. हवालदार आधी तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतो आणि मग वाटलेच तर यंत्र काढतो. बडीशेप आणि गुटख्याने वास झाकता येतो हे पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असल्याने या पद्धतीत नवशिके तेवढे सापडतात. आणि गाडीच्या काचेवर पक्षाचे चिन्ह असले की यंत्र खिशातून बाहेरच येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला कैदेपेक्षा याचीच भीती अधिक वाटते, हे मला रुग्णालयात आलेल्या ट्रकचालकांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितले आहे. मात्र त्यासाठीही आधी तो सापडायला हवा, आणि त्याची नोंद परिवहन कार्यालयापर्यंत जायला हवी.

दारू मिळण्याची जागा आणि गाडी यांतले अंतर वाढवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याकडे झाला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. पुढे वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केले. मग राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचे नावच बदलून ते स्थानिक रस्ते ठरवण्याची शक्कल लढवली, केरळमधील एका बारने तर आपल्या आवारात भुलभुलैयासारखी वळणावळणाची वाट बांधून चालण्याचे अंतर कागदोपत्री वाढवले, आणि २०१७ च्या जुलैत नगरपालिका हद्दींना या आदेशातून सूट असल्याचा खुलासा झाला. आमच्या भागात महामार्गावरचे परमिट रूम काही महिने बंद होते. ढाब्यांवर चहाच्या कपातून तीच दारू मिळत होती. रात्री साडेआठला शेवटची एसटी गेल्यावर ढाब्यावरून गावी परतायला स्वतःच्या दुचाकीखेरीज कोणतेही साधन नसते, याकडे त्या सगळ्या वादात कोणीच पाहिले नाही.

आता त्या ‘पडलेल्या’ बायकांविषयी. तिच्या कपाळावर चार टाके घालायचे असतात, नवरा दाराशी झोकांड्या खात उभा असतो, आणि कसे लागले असे विचारले की ती म्हणते, “मोरीत पाय घसरला.” वैद्यकीय-न्यायिक नोंदीत रुग्ण सांगेल तो वृत्तांत लिहायचा असतो, म्हणून मी मोरी लिहीत आलो. एका गावच्या मोऱ्या इतक्या निसरड्या कशा, असे एकदा आमच्या वयस्कर परिचारिकाबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. तेव्हापासून त्या नवऱ्याला औषध आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवू लागल्या आणि पडदा ओढून तिला पुन्हा विचारू लागल्या, आणि अर्ध्याअधिक मोऱ्यांचा वृत्तांत बदलला. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रात हेच काम प्रशिक्षित समुपदेशक करतात. आमच्या परिचारिकाबाईंना त्या केंद्राचे नावही माहीत नव्हते.

दारूचे दुकान बंद करण्याचा अधिकार बायकांच्या हाती देणारा नियम महाराष्ट्रात २००८ सालापासून आहे. गावातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावे लागते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात, आणि आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, मरूनही यादीत राहिलेली प्रत्येक बाई अशा रीतीने उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. इतकी अवघड अट असूनही सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात आणि अन्यत्र बायकांनी बाटल्या आडव्या केल्या, हे मला आजही विस्मयकारक वाटते. विदर्भातील जिल्हाबंदीचा इतिहास याहून मोठा आहे: गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली आलेली बंदी टिकून आहे, चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. त्या वादात शिरण्याइतका माझा तिथला अनुभव नाही.

मी काम केलेल्या एका गावात मात्र जे पाहिले ते सांगतो. बाटली आडवी झाल्यावर पहिल्या वर्षात मोरीत घसरणाऱ्या बायका खरोखर कमी झाल्या आणि शाळेसमोरची भांडणे थांबली. त्याच वर्षी सात किलोमीटरवरच्या फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर रात्रीचे अपघात वाढले. पूर्वी पिणारा दुकानातून चालत घरी जात असे आणि घरी जाऊन मारत असे. आता तो दुचाकीवर फाट्याला जाऊन पिऊ लागला आणि परतताना स्वतः मरू लागला किंवा समोरच्याला मारू लागला. म्हणून दुकान उघडे ठेवावे, असे मी म्हणत नाही. त्या बायकांना विचारले तर त्या काय म्हणतील ते मला माहीत आहे. परंतु ज्या आठवड्यात दुकानाला कुलूप लागते त्याच आठवड्यापासून फाट्यावर रोज, वेळ न ठरवता नाकाबंदी सुरू व्हायला हवी होती, आणि ती झाली नाही, कारण दुकान हा उत्पादन शुल्क खात्याचा विषय, नाकाबंदी पोलिसांचा आणि टाके माझा.

गेल्या गटारीच्या रात्री मी मुलीच्या घरून परतत असताना आमच्या फाट्यावर नाकाबंदी लागलेली दिसली. पाऊस भुरभुरत होता. हवालदाराने बॅटरी तोंडावर मारली, ओळखले आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्ही होय. जावा की.” मी गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो आणि माझीही तपासणी करा, असे त्याला सांगितले. त्याला ते काही केल्या पटेना. साहेबांचा काही राग आहे का, असे त्याने आधी विचारले. मागच्या गाड्या थांबून पाहू लागल्या तेव्हा त्याने नाइलाजाने यंत्राला नवी नळी लावली, मी फुंकले, आणि पडद्यावर शून्य उमटले. नळी काढून टाकताना त्याने मला सांगितले की त्या रात्रीसाठी त्याला वीसच नळ्या मिळाल्या होत्या आणि त्यांतली एक माझ्यावर वाया गेली.